दोन सामन्यांमधले दिवस

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, आणि तो पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या दांपत्याचा प्रवास किमान दोन-तीन आठवड्यांचा असतो. या दोन कालमानांतील तफावत ज्याच्या ध्यानी आली, त्याला विश्वचषकासारख्या स्पर्धा आणि परदेशगमन यांच्या नात्याचे अर्धे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही. साखळी फेरीत प्रत्येक संघ तीन सामने खेळतो आणि एका सामन्यापासून दुसऱ्यापर्यंत त्याला चार-पाच दिवसांची उसंत मिळते. खेळाडू त्या उसंतीत अंग सावरतात, वृत्तपत्रे तर्कवितर्कांनी रकाने भरतात, आणि जो प्रेक्षक सपत्नीक तेथवर येऊन पोहोचलेला असतो तो, परतीचे तिकीट आधीच काढून ठेवलेले असल्यामुळे आणि मुक्कामाचे भाडे रोजच्या रोज चढत असल्यामुळे, त्या मुलखाकडे डोळे उघडून पाहू लागतो. स्पर्धेने त्याला तेथे आणलेले असते खरे. पण प्रवास घडतो तो या मधल्या दिवसांत.

याचे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातले नव्हे, बंगालमधले आहे, आणि ते तसे असावे यात नवल नाही. कोलकात्याच्या खिदिरपूर भागात राहणारे पन्नालाल आणि चैताली चॅटर्जी हे दांपत्य १९८२ साली स्पेनमधील विश्वचषकास प्रथम गेले. त्यानंतर मेक्सिको, इटली, अमेरिका, फ्रान्स, जपान-कोरिया, जर्मनी, दक्षिण आफ्रिका, ब्राझील असा दर चार वर्षांनी मजल-दरमजल करीत २०१८ साली रशियात त्यांनी दहावी स्पर्धा पाहिली, तेव्हा पती पंचाऐंशीच्या घरात होते आणि पत्नीने पंचाहत्तरी ओलांडलेली होती. पन्नालालबाबू कोलकाता बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेले. जहागिरी नाही, कारखानदारी नाही, घरात पैशाचा पूर नाही. तथापि एक स्पर्धा आटोपून घरी परतताच पुढच्या स्पर्धेसाठी पैसा बाजूस काढावयाचा, असा या घरचा शिरस्ता होता. आणि त्यापायी त्यांनी ताटातल्या मासळीला कात्री लावली, असे त्यांच्याविषयी छापून आले आहे. बंगाली माणसाने मासळी सोडणे म्हणजे काय, हे ज्वारीची भाकरी आणि पिठले यांवर वाढलेल्या आम्हा नगरकरांना पूर्णपणे उमगणे कठीण. पण या त्यागाच्या मापाचा अदमास आपणांस बांधता येतो.

या दांपत्याच्या कथेत लोकांना स्पर्धांचा आकडा मोठा वाटतो. मला त्या आकड्यांमधील अंतर अधिक महत्त्वाचे वाटते. चार वर्षे हा काळ मोठा विलक्षण मोजून ठेवलेला आहे. दरवर्षीची यात्रा असती तर बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबाचा खिसा फाटला असता, आणि दहा वर्षांतून एकदा येणारा योग असता तर मनातली ऊर्मी मध्येच विझून गेली असती. चार वर्षांत मात्र शिल्लक साठते, मागच्या प्रवासाच्या गोष्टी सांगून सांगून पुरेशा जुन्या होतात, आणि पुढचा देश कोणता हे आधीच जाहीर झालेले असल्यामुळे नवऱ्याने एक म्हणावे व बायकोने दुसरे, या वादाला जागाच उरत नाही. परदेशी कोठे जावे हा प्रश्न घरात निर्माण झाला म्हणजे त्याची परिणती पुष्कळदा कोठेच न जाण्यात होते, हे अनुभवी गृहस्थांस सांगावयास नको. झुरिकला बसलेले फुटबॉल महासंघाचे कारभारी हा निर्णय परस्पर करून मोकळे होतात, ही त्यांनी जगभरच्या संसारांवर नकळत केलेली मेहेरबानीच म्हटली पाहिजे.

बंगालला हे जमते ते आमच्या सोनई गावास का जमत नाही, याचा विचार करू जाता उत्तर पंचांगातच सापडते. विश्वचषकाचा काल हा युरोपातील क्लबांचा हंगाम संपल्यानंतरचा, म्हणजे जून आणि जुलै हे महिने. आणि हाच काल नेवासे तालुक्यात मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसण्याचा, पेरणीचा आणि बी-बियाणे, खते व पीककर्ज यांच्या जुळवाजुळवीचा असतो. शेतकरी दांपत्य या दिवसांत शिंगणापूरच्या वाटेवरचा आपला मळा सोडून परमुलखी जाईल ही कल्पनाच संभवत नाही. शिक्षक दांपत्याची कथा याहून वेगळी, पण निष्पत्ती तीच: एप्रिल-मेची सुट्टी सरते, जूनच्या मध्यास शाळा उघडते, आणि नेमका त्याच सुमारास तिकडे पहिल्या सामन्याचा चेंडू मध्यावर ठेवला जातो. २०२२ साली कतारमधील उन्हाळ्याच्या भयाने ही स्पर्धा २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात भरविली गेली, तेव्हा सोनईकरांना क्षणभर आपले ग्रह पालटलेसे वाटावे. परंतु ते दिवस मुळा सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचे, आणि ज्याची ऊसतोड लागावयाची आहे तो शेतकरी टोळीची वाट पाहत फडावर उभा राहील की विमानतळावर? सारांश, आमच्याकडे हा प्रवास करू शकणारे दांपत्य म्हणजे बहुधा निवृत्त दांपत्य. चॅटर्जींच्या दहा स्पर्धांतील उत्तरार्धही निवृत्तीनंतरचाच आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

वेळेचा हा गुंता सुटला तरी दप्तराचा गुंता उरतोच, आणि त्याचा तपशील वाचकांस ठाऊक असावा. सामन्याचे तिकीट खिडकीवर उभे राहून मिळत नाही. अर्ज मागवून, मागणी अधिक झाल्यास सोडत काढून, अनेक टप्प्यांत ही विक्री होते. आणि कोणता संघ कोठे खेळणार याची सोडत साधारणतः आदल्या डिसेंबरात निघत असल्यामुळे आरंभीच्या टप्प्यात तिकीट घेणाऱ्याच्या पदरात पडतात ते एक गाव, एक तारीख आणि एक आसन. समोर ब्राझील येईल की पनामा हे दैवाधीन. आता येथे भारतीय प्रेक्षकाची एक चमत्कारिक सोय होते. १९५० च्या ब्राझीलमधील स्पर्धेत जागा मिळूनही भारताचा संघ गेला नाही. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून तो गेला नाही ही दंतकथा लोकप्रिय खरी. पण दूरचा सागरप्रवास, तयारीचा अभाव आणि त्या काळी ऑलिंपिकला असलेले अधिक मोल ही कारणे मला जास्त पटतात. त्यानंतर भारताला पुरुषांच्या विश्वचषकात पाऊल टाकता आलेले नाही. ही गोष्ट खेदाची, यात संशय नाही. परंतु इंग्लंडचा किंवा अर्जेंटिनाचा पाठीराखा आपल्या संघामागे तो नेईल त्या गावी धावत सुटतो आणि संघ हरला की हिरमुसून चालता होतो, तसे बंधन आपल्या दांपत्यावर नसते. त्यांना नगरे निवडता येतात.

व्हिसाचे प्रकरण देशपरत्वे बदलते. रशियाने २०१८ साली तिकीटधारकांस ‘फॅन आयडी’ नावाचे ओळखपत्र दिले आणि त्याच्या जोरावर व्हिसाविना प्रवेश व यजमान नगरांच्या दरम्यान विनामूल्य आगगाडी अशी दुहेरी सवलत बहाल केली. कतारने ‘हय्या कार्ड’ काढून तोच मार्ग अनुसरला. युरोपातील शेंगेन देशांत मात्र तिकीट हाती असूनही रीतसर अर्ज, बँकेचा खातेउतारा, प्रवासविमा, मुक्कामाची नोंद आणि परत येण्याची हमी वाटावी असे पुरावे रुजू करावे लागतात. पारपत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणी टपाल कचेरीतही मिळू शकते, हा मोठा दिलासा. परंतु बागायतदार शेतकऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. त्याचे शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून प्राप्तिकराचे विवरणपत्र पुष्कळदा नसते. ऊसबिलाची रक्कम वर्षातून दोन-तीनदाच खात्यावर जमा होते, म्हणून खातेउतारा काही महिने भरलेला व काही महिने कोरडा दिसतो. आणि सात-बाराचा उतारा मराठीत, तो भाषांतर करून जोडावा लागतो. त्यातच पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असले, तर विवाह नोंदणीचा दाखला काढल्यावाचून गत्यंतर नसते. एवढे सारे करून जो विमानात बसतो, त्याला चेंडू कोणत्या जाळ्यात जातो याची फिकीर वाटत नसेल तर त्याला दोष देऊ नये.

आता मधल्या दिवसांकडे वळू. स्पर्धेचे एक वैशिष्ट्य असे की ती प्रवाशाला अशा गावी नेते, ज्या गावाचे नाव प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत कधीच छापले जात नाही. युरोपच्या सहलीत पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम हा क्रम ठरलेला. परंतु २००६ च्या जर्मनीत सामने होते गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या खाणींच्या गावी, आणि २०१८ च्या रशियात मोर्दोव्हियाची राजधानी सारान्स्क येथे. त्याच स्पर्धेतले कालिनिनग्राड हे तत्त्ववेत्त्या कांटचे कोनिग्सबर्ग. त्याची समाधी तेथील कॅथीड्रलच्या भिंतीस लागून आहे, आणि तर्कतीर्थांच्या व्याख्यानांतून ज्यांनी हे नाव प्रथम ऐकले असेल अशा जुन्या पिढीच्या मराठी माणसाला सर्बिया-स्वित्झर्लंड सामन्याच्या निमित्ताने तेथे पोहोचता आले असते.

व्होल्गोग्राडचे तर विचारूच नये. तेथील नवे क्रीडांगण मामायेव कुर्गान या टेकडीच्या पायथ्याशी, व्होल्गेच्या काठी बांधले आहे, आणि टेकडीवर तलवार उगारलेली मातृभूमीची पंचाऐंशी मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. हेच ते स्टालिनग्राड. अण्णाभाऊ साठे यांनी मुंबईत राहून, तेथे पाऊलही न टाकता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या शहराचा पोवाडा रचला ते हे शहर; पुढे १९६१ साली अण्णाभाऊ रशियास गेले व त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. इंग्लंड आणि ट्युनिशिया यांच्या सामन्यासाठी तेथे गेलेल्या मराठी दांपत्याने सकाळी ती टेकडी चढावी आणि सायंकाळी सामना पाहावा, यात पोवाड्याचा आणि सामन्याचा संबंध काय असे कोणी विचारील. संबंध एवढाच की तिकीट नसते तर त्या गावी जाण्याचे कारण दुसरे कोणतेही नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतील २०१० च्या स्पर्धेची गोष्ट याहूनही निकट आहे. डरबान हे यजमान नगरांपैकी एक, भारतीय वंशाच्या लोकांची तेथे मोठी वस्ती. आणि डरबानहून जोहान्सबर्गकडे निघाले की सुमारे ऐंशी किलोमीटरवर पीटरमारित्झबर्ग लागते, जेथील स्थानकावर १८९३ च्या जून महिन्यात मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले. जून हा तेथे कडक थंडीचा महिना. स्पर्धाही जूनमध्येच सुरू झाली, म्हणून त्या फलाटावर उभे राहणाऱ्या प्रवाशाला त्या रात्रीच्या गारठ्याची कल्पना पुस्तकावरून करावी लागली नसेल. डरबानजवळच फिनिक्स आश्रम आहे, आणि तो पाहताना दांपत्याने गांधींइतकेच कस्तुरबांचे स्मरण करावे असे मला वाटते. १९१३ च्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या होत्या, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक स्पर्धा अशी मुलुखगिरी घडविते. कतारची गोष्ट अगदी उलट. आठही क्रीडांगणे दोह्यापासून पंचावन्न किलोमीटरच्या परिघात, मेट्रोचा प्रवास तिकीटधारकास फुकट, मुंबईपासून चार तासांचा विमानप्रवास. एका दिवसात दोन सामने पाहणे सहज शक्य झाले. वृद्ध दांपत्यांस ही सोय सुखावह वाटली असणार, आणि लुसैल येथील अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्यासारखा सामना (तीन-तीन अशी बरोबरी, मग पेनल्टींवर चार-दोन) ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला त्यांचा हेवा मलाही वाटतो. तरीपण मधले दिवसच नाहीसे झाल्यामुळे त्या प्रवासात खेळ पुष्कळ आणि देश थोडा, असे प्रमाण पडले. ज्या घरात दोघांपैकी एकालाच फुटबॉलचे वेड आहे, तेथे ही गोष्ट गंभीर समजावी. ब्राझील किंवा रशियासारख्या विस्तीर्ण देशात एकाचा सामना आणि दुसऱ्याचा प्रवास यांची आपोआप वाटणी होते. दोह्यात ती होत नाही, आणि संध्याकाळच्या दुसऱ्या सामन्यापाशी सहजीवनाची कसोटी लागते.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ते कोल्हापुरात एकवटले आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी कुस्तीच्या नावाच्या आणि फुटबॉलच्या कामाच्या. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने रंगतात, आणि विश्वचषकाच्या वर्षी पेठापेठांतून मेस्सी, नेमार व रोनाल्डो यांच्या पुरुषभर नव्हे, माडीभर उंचीच्या प्रतिमा उभ्या राहतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा यजमान संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या स्पर्धेचे सामने नवी मुंबईतही झाले, आणि देशभरात मिळून १३ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ते पाहिले. पुढे २०२२ च्या आरंभी आशियाई महिला चषकाच्या निमित्ताने पुण्याच्या बालेवाडीतही सामने झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा स्पेन-कोलंबिया अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळला गेला. सोनईहून नेरुळ एका दिवसाच्या मोटारप्रवासाच्या आत आहे. परदेशी जाण्यापूर्वी दांपत्याने आपल्याला हा खेळ क्रीडांगणात बसून पाहणे आवडते की घरच्या दूरदर्शन संचापुढे, याची परीक्षा अशा सामन्यावर करून घ्यावी, हा माझा प्रामाणिक सल्ला.

मराठी वाचकाला दांपत्याचा परदेशप्रवास म्हटला की पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे आठवतात. १९५८ साली ती दोघे विलायतेस गेली आणि त्यातून ‘अपूर्वाई’ निपजली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये पेले नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने विश्वचषक गाजविला, या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो लिहिल्याखेरीज राहवत नाही. तेव्हा परदेशगमन हे अपूर्व होते. आज आमच्या तालुक्यातील कित्येक घरांत मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, आणि निवृत्त आईवडील पाहुण्यांच्या व्हिसावर जाऊन बहुधा उन्हाळ्यातले काही महिने त्यांच्याकडे काढतात. त्या मुक्कामाची खरी व्यथा त्यांनाच ठाऊक: मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, गाडी चालविता येत नाही, आणि पायी जाण्याजोगे काही नाही.

म्हणूनच २०२६ ची योजना लक्षणीय वाटते. ११ जून ते १९ जुलै, अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने, आणि अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांतील सोळा नगरे, असा हा पसारा. अंतिम सामन्याचे क्रीडांगण न्यू जर्सीत, जेथे एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. तिकिटांचे दर ऐकून छाती दडपेल, हे खरे. तिकिटाने व्हिसा मिळत नाही, हेही खरे; मात्र या आईवडिलांकडे व्हिसा आधीच असतो आणि मुक्कामाचे भाडे द्यावे लागत नाही, म्हणजे खर्चाची दोन मोठी कलमे आपोआप वजा होतात.

आणि फिलाडेल्फिया हे त्या सोळांपैकी एक. आनंदीबाई जोशी १८८३ साली कोलकात्याहून जहाजाने पतीविना निघाल्या, याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १८८६ साली पदवी मिळविली, आणि गोपाळराव मागाहून तेथे जाऊन पोहोचले. मराठी दांपत्याच्या परदेशप्रवासाचा इतका क्लेशकारक आणि इतका थोर अध्याय दुसरा नाही. आनंदीबाई पुण्यात वारल्या, पण त्यांच्या अस्थी न्यू यॉर्कच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठच्या पकिप्सी गावी, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आश्रय दिला त्यांच्या कुटुंबभूमीत विसावल्या आहेत. न्यू यॉर्कहून आगगाडीने सुमारे दोन तासांचा रस्ता. उपान्त्य सामने संपल्यावर अंतिम सामन्यापूर्वी जे रिकामे दिवस पडतात, त्यांपैकी एक दिवस याकामी पुरेसा आहे.

पुढची स्पर्धा २०३० ची, स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को यांची. पहिली स्पर्धा १९३० साली उरुग्वेत झाली, तिच्या शताब्दीप्रीत्यर्थ आरंभीचे तीन सामने दक्षिण अमेरिकेत ठेवले आहेत. १९३० साली फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया यांचे खेळाडू ‘काँते वेर्दे’ नावाच्या एकाच आगबोटीने दोन आठवडे समुद्र कापीत माँटेव्हिडिओस गेले होते. वाटेत व्यायाम करावयाचा तो डेकवर. आपल्या दांपत्याच्या वाट्याला लिस्बन येईलच असे नाही, पण गोमंतकाशी आणि मराठ्यांच्या इतिहासाशी संबंध असलेले पोर्तुगीज दप्तर तेथील तोर्रे दो तोंबो या अभिलेखागारात आहे, एवढे ध्यानात असू द्यावे. खर्चाचा हिशेब मात्र आतापासूनच मांडावा लागेल. गावच्या पतसंस्थेत महिना पाच हजारांची आवर्ती ठेव अठ्ठेचाळीस महिने चालविली तर व्याज सोडून दोन लाख चाळीस हजार होतात, आणि चार वर्षांच्या स्पर्धेला चार वर्षांची ठेव हा हिशेब दिसावयास नीटनेटका दिसतो; पण तिकिटांचे पैसे आदल्या वर्षीच्या शरदातच भरावे लागतात, विमानाचे भाडे त्यानंतर लगेच, आणि व्हिसाच्या अर्जासोबत काही महिन्यांची शिल्लक खात्यावर उभी दिसावी लागते. तेव्हा मुदत छत्तीस महिन्यांचीच धरावी, हप्ता सहा हजार सातशे करावा, आणि पासबुकावर नाव दोघांचे घालावे.